दुसरा तांब्या

हरणाबाईला दुसरा तांब्या कधी लावावा लागत नाही, अशी तिची ख्याती. जतच्या पुढे, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेल्या एका धनगरवस्तीवर ती राहते. वय विचारलं तर म्हणते, "मोठ्या दुष्काळाच्या साली माझं लगीन झालं, आता तुमीच मोजा." आसपासच्या पाच-सहा वस्त्यांवर कुणाचं पोट दुखलं की आधी तिचं दार वाजतं. शिवेपलीकडून कन्नड बोलणाऱ्या बायाही लेकरं काखेला मारून येतात. हरणाबाईला कन्नडमधलं 'होट्टे नोवु', म्हणजे पोटदुखी, एवढंच कळतं आणि तेवढ्यावर तिचं भागतं.

तिची रीत मी पाहिली आहे. लेकराला घोंगड्यावर उताणं निजवायचं. बेंबीवर ज्वारीच्या पिठाचा चपटा गोळा, त्यात तेलात भिजवलेली वात. वात पेटली की वरून तांब्या पालथा घालायचा. आत ज्योत विझते आणि तांब्या पोटाला असा काही चिकटतो की लेकरू उठून बसलं तरी पडणार नाही. कातडी आत ओढली जाते, लेकराचे डोळे पांढरे होतात. घटकाभराने ती काठाशी अंगठा दाबते, फस्स असा आवाज होतो, तांब्या सुटतो आणि पोटावर लालभडक गोल वळ राहतो. मग हरणाबाई लेकराच्या तोंडाशी वाकते आणि विचारते, "थांबलं का? न्हाई थांबलं तर दुसरा लावते."

"थांबलं," लेकरू म्हणतं.

दरवेळी थांबतंच. माणसं हात जोडून जातात. तांब्या तिच्या आईचा, जाड, एका बाजूने चेपलेला. घरात पाणी प्यायला दुसरी भांडी आहेत, या तांब्यात कुणी पाणी भरत नाही.

पण तिचा एक नियम आहे. उजव्या कुशीत, खाली दुखत असेल तर ती हात लावत नाही. "जतला जा, दवाखान्यात. हितं बसू नगा," असं सांगते, आणि कुणी गयावया करायला लागलं तर चक्क दार लावून घेते. तिथे तिचा स्वभाव एकदम खाष्ट होतो. वस्तीवरच्या लोकांना त्याचं कारण ठाऊक आहे, आणि कारण म्हणजे तिचा थोरला मुलगा अर्जुना.

पंचेचाळीस वर्षं झाली. तेव्हा तिची मेंढरं मेढ्याकडे डोंगरात होती. अर्जुना सहा वर्षांचा. तीन दिवस त्याचं पोट दुखत होतं, काही खाल्लं की ओकत होता. हरणाबाई विशीतली, आईकडून तांब्या लावायला नुकतीच शिकलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने तो लावला. त्या दिवशी तांब्या इतका घट्ट बसला की काढताना तिलाच घाम फुटला. मग तिने नेहमीचं विचारलं. अर्जुनाने तांब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "थांबलं, आये. भूक लागली."

त्याने दुधात कुस्करलेली चतकोर भाकरी खाल्ली. उजवा पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडून राहिला, पण रडला नाही. तीन दिवस जागी असलेली आई त्याच्याशेजारी पडली आणि मेल्यासारखी झोपली. सकाळी पोराचं पोट फळीसारखं कडक होतं, ओठ राखेच्या रंगाचे. घोंगड्याची झोळी करून मेढ्याच्या डॉक्टरकडे नेईपर्यंत तो संपला होता. डॉक्टर भला माणूस. त्याने समजावून सांगितलं, की पोटात उजवीकडे आतड्याला शेपटीसारखा एक भाग असतो, अपेंडिक्स म्हणतात त्याला, तो सुजून फुटला. "फुटलं की घटकाभर दुखायचं थांबतं, बाई. माणसं तिथंच फसतात," असंही तो म्हणाला.

ओढ्याकाठी, उंबराखाली पुरलं त्याला. खड्ड्यात ठेवताना त्याचा उजवा पाय काही केल्या सरळ होईना. सासऱ्याने, कोंडीबाने, दोनदा दाबून बघितला आणि मग तसाच राहू दिला. पोटावर वळ अजून लाल होता. आणि यानंतर जे झालं ते मला आजही चमत्कारिक वाटतं. हरणाबाईला कुणी बोल लावला नाही. उलट बातमी अशी पसरली की पोराचं आयुष्यच तेवढं होतं, पण जाताना त्याला दुखलं नाही, हरणीच्या हाताला गुण आहे. तिथून लेकरं यायला लागली. तिनेही तेवढं एकच धरून ठेवलं. शेवटी दुखलं नव्हतं त्याला. धाकटा बिरदेव पोटात असतानाही ती सासूला हेच सांगायची, आणि पुढे बिरदेव मोठा झाल्यावर त्यालाही.

आता बिरदेव चाळिशीचा. दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको सोनम मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी कळप बसवतात आणि पावसाच्या तोंडाला परत फिरतात. त्यांची नऊ वर्षांची माया शाळेसाठी आजीजवळ वस्तीवर असते. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आजी तिला घेऊन एसटीने पाटणकडच्या तळावर गेली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी सकाळी माया उठली ती बेंबीपाशी हात धरून. दुपारपर्यंत तो हात सरकत सरकत उजव्या कुशीत आला.

बिरदेव म्हणाला, "आये, येकदा लाव की तांब्या. आनलायस न्हवं?"

हरणाबाईच्या पिशवीत तांब्या होताच, ती जाईल तिथे तो असतो. पण तिने पिशवीचं तोंड आवळलं. "गाडी बग," म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

कराडमध्ये लहान मुलांचा एक दवाखाना आहे, तिथे ते तीनच्या सुमाराला पोहोचले. सोनम मेंढरांपाशी राहिली. डॉक्टर रेश्मा म्हणून, तरुण, हसतमुख. त्यांनी मायाचं पोट दाबून बघितलं, रक्त तपासलं. सोनोग्राफी करताना मायाने तो गार, गोल तोंडाचा यंत्राचा तुकडा पोटावर आलेला बघितला आणि आजीचा हात घट्ट धरला. "ह्यो बी चिकटतो का?" तिने विचारलं. डॉक्टर हसल्या. आजी हसली नाही.

अपेंडिक्सच होतं. पण डॉक्टरांनी जे पुढे सांगितलं त्याची माय-लेकांना अपेक्षा नव्हती.

"सुजलंय, पण फुटलेलं नाही. आत खडा दिसत नाही आणि तुम्ही पहिल्याच दिवशी आणलंत. अशा मुलांना दोन वाटा असतात. आज दुर्बिणीतून ऑपरेशन करून काढून टाकायचं, ही एक. नाहीतर शिरेतून औषधं देऊन दोन दिवस इथंच नजरेखाली ठेवायचं. बरीच मुलं त्यानं बरी होतात, पण दहातल्या तीन-चार जणांना वर्षभरात परत दुखतं आणि मग ऑपरेशन करावं लागतं. आणि दोन दिवसांत जरा जरी बिघडतंय असं वाटलं, तर मी थांबणार नाही. तुम्ही ठरवा."

"कापून टाका," हरणाबाई म्हणाली. एवढ्या झटक्यात म्हणाली की नर्सनेही मान वळवली.

"आये, तू गप," बिरदेव म्हणाला. "डॉक्टरीणबाई, आवं, औषदानं हुतंय तर लेकराला कशापायी फाडायचं? नाजूक जीव हाय. औषदच द्या." त्याचंही चूक म्हणता येणार नाही. कळपात वाढलेला माणूस तो, पोट फाडलेलं जनावर उभं राहिलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

औषधंच द्यायचं ठरलं. डॉक्टरांनी मायाला मांडीशी घेतलं. "तू मला खरं सांगायचं हं. दुखलं तर दुखलं म्हणायचं. तू सांगशील त्यावरच मी पुढचं ठरवणार."

माया मान डोलावत होती. तेवढ्यात बिरदेव तिच्या डोक्यावर हात ठेवून चेष्टेने म्हणाला, "दुखतंय म्हनलीस तर कापत्यात बग, ध्यानात ठेव!" चेष्टाच ती. मेंढराला दाव्याने भिववावं तसं आपल्याकडे लेकराला डॉक्टरने भिववतात. कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही.

रात्री आलेला ताप दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला होता. डॉक्टर फेरीला आल्या, पोट दाबलं. माया म्हणाली, "वाईच हाय." डॉक्टरांना बरं वाटलं, बिरदेवला तर फारच बरं वाटलं. बाराच्या सुमाराला मायाने डोळे उघडले, छताकडे बघत म्हणाली, "थांबलं. भूक लागली."

बिरदेव उडालाच. नर्सला सांगितलं, सोनमला फोन लावायला आणि काही खायला मिळतं का बघायला बाहेर पळाला. नर्सने तोंडाने काही देऊ नका असं त्याला मागून ओरडून सांगितलं, लिहून ठेवलं आणि डॉक्टर ऑपरेशन आटपून येतील, असं म्हणून ती पलीकडच्या खोलीत गेली.

हरणाबाई मात्र खाटेजवळ थिजली होती. 'थांबलं. भूक लागली.' शब्द तर तेच, आणि आवाजही तोच होता. सपाट, ठरवून काढलेला. पंचेचाळीस वर्षांत शेकडो लेकरांनी तिला 'थांबलं' म्हटलं होतं, पण भूक लागली असं पुढे फक्त एकानेच म्हटलं होतं, आणि तो मेढ्याच्या ओढ्याकाठी होता.

भर दुपार. खोलीत चार खाटा, तीन रिकाम्या. पंखा फिरत होता आणि खिडकीचा पडदा मात्र जराही हलत नव्हता. बाहेर कुठे तरी एक टिटवी ओरडत होती, भर गावात, भर उन्हात. हरणाबाईला घोंगडी जळाल्यासारखा वास आला. नंतर तिच्या लक्षात आलं की तो विझलेल्या वातीचा वास आहे. तिने पिशवीकडे बघितलं. पिशवी खाटेखाली बांधलेली होती, जशी ठेवली तशी.

"माये," तिने हळूच हाक मारली.

पोर उताणी पडली होती, तोंड भिंतीकडे. हरणाबाईने चादर बाजूला केली. झगा वर सरकलेला होता आणि पोटावर, बेंबीच्या खाली उजवीकडे, लाल गोल वळ होता. ताजा.

मायाच्या पोटाला तिने आयुष्यात तांब्या लावला नव्हता. आदल्या दिवशी डॉक्टरांनी पोट उघडं केलं तेव्हा तिथे काही नव्हतं, हे तिने स्वतः पाहिलं होतं. तिने हात पुढे केला, मागे घेतला. "अर्जुना?" तिच्या तोंडून निघून गेलं. पोरीची पापणी हलली. हरणाबाईला त्या क्षणी खरंच वाटलं की भिंतीकडून आता आपलं पोर वळून बघणार, राखेच्या ओठांचं. तिला पळून जायचं होतं. मला ती हे सांगताना लाजली नाही. "नातीला टाकून पळनार हुते मी," म्हणाली.

मग तिला पाय दिसला. उजवा पाय, गुडघ्यात मुडपून पोटाशी ओढलेला. तिने त्याला हात लावला आणि हलकेच सरळ करायला गेली. पाय सरळ होईना. मायाने ओठ दातात धरले, डोळ्यांतून पाणी उशीवर उतरलं, पण तोंडातून आवाज काढला नाही.

अर्जुनाच्या अशाच पायावरून पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोंडीबाचा हात मागे आला होता. हरणाबाईचं भ्यालेपण एकदम कुठल्या कुठे गेलं. ती अनवाणी ओरडत बाहेर धावली, "बाई! आवं डॉक्टरीणबाई! हिचा पाय बगा! थांबलं म्हनती, पर पाय बगा हिचा!"

डॉक्टर हातमोजे ओढत आल्या. पोट एकदाच दाबलं, पाय एकदाच हलवला आणि माया अशी किंचाळली की जिन्यावर बिरदेवच्या हातातला बिस्किटांचा पुडा खाली पडला. अर्ध्या तासात तिला आत नेलं. बिरदेवने कागदावर सही केली ती वाकडीतिकडी. दोघं बाकावर बसले. हरणाबाईने मांडीवर पिशवी घेतली होती आणि तिच्या आत तांब्या आहे याची तिला आता किळस येत होती.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा घामेजलेला पण मोकळा होता. टोक काळं पडलं होतं, फुटायच्या बेतात. काढलं. पोर सुखरूप आहे. "औषधांनी बहुतेकांचं भागतं, हिचं नाही भागलं," त्या म्हणाल्या. "पण ती मला सकाळपासून खोटं सांगत होती, आजी. संध्याकाळच्या फेरीपर्यंत तसंच राहिलं असतं तर अवघड होतं. तुम्हाला पायाचं कसं कळलं?"

हरणाबाई पिशवी उचलून नातीच्या खोलीकडे निघाली.

तिसऱ्या दिवशी माया उशीला टेकून बसली. पेज पीत होती. बिरदेव तळावर गेला होता. हरणाबाईने नातीचे केस विंचरता विंचरता विचारलं, "दुखत हुतं तर थांबलं का म्हनलीस गं?"

"दादा म्हनलं, दुखतंय म्हनलं तर कापत्यात." माया बापाला दादा म्हणते.

"आनि पोटावर वळ कसला हुता?"

मायाने स्टीलच्या ग्लासाकडे बोट दाखवलं. "ग्लास लावला मी. तुज्यावानी, पालता. लय दाबला. पर न्हाई थांबलं."

आजीला हसू आलं. तर भूत नव्हतं, ग्लास होता. तिने पोरीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "तांब्या लावला असता तरी थांबलं नसतं, पोरी. ह्ये दुखनंच निराळं. बाकीच्या लेकरांचं थांबतं."

"न्हाई थांबत," माया म्हणाली.

"काय?"

"कुनाचंच न्हाई थांबत लगीच. सिद्धूचं न्हाई, रानीचं बी न्हाई. आमी सगळीच थांबलं म्हनतो." ती चमच्याने पेज ढवळत होती, अगदी सहज बोलत होती. "न्हाईतर तू दुसरा लावतीस."

हरणाबाईच्या हातातली फणी तशीच राहिली. मायाने वळून बघितलं तेव्हा आजी खिडकीकडे तोंड करून उभी होती.

शेकडो लेकरं. पण ती तिच्या डोक्यात नव्हतीच. तिच्या डोक्यात एकच होता, तांब्याकडे बघणारा आणि मग आईकडे बघणारा. दुखत असताना त्याने भाकरी गिळली होती. ती झोपली होती आणि तो तिच्या कुशीत, पाय पोटाशी घेऊन, आवाज न करता रात्रभर पडून होता. रडलं तर आई उठेल. उठली तर दुसरा लावेल. मेढ्याच्या डॉक्टरने म्हटलं तसं घटकाभर थांबलंही असेल. कुणास ठाऊक. पण हरणाबाईला आता ते खरं मानता येत नव्हतं आणि दुसरं काही मानून जगायची तिला सवय नव्हती.

जूनच्या सुरुवातीला माया धावायला लागल्यावर बिरदेव आईला मेढ्याला घेऊन गेला. तिनेच हट्ट धरला. पंचेचाळीस वर्षांत ती तिथे गेली नव्हती. उंबर होता, ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, आणि खुणेचा दगड मातीत अर्धा रुतला होता. दुपारची वेळ होती. बिरदेवला तिने रस्त्यावर गाडीपाशी थांबायला सांगितलं. तो मला म्हणाला, की उंबराखाली वारा अजिबात नव्हता, आणि तरी एक फांदी, खालची, मुडपलेल्या गुडघ्यासारखी वाकलेली, हलत होती. बिरदेवला असलं काही दिसत नसतं एरवी.

हरणाबाईने पिशवीतून तांब्या काढला, ओढ्यात बुडवला आणि दगडावर पाणी घातलं. त्या तांब्यात पाणी भरलेलं बिरदेवने पहिल्यांदाच पाहिलं. दुधात कुस्करलेली भाकरी तिने पानावर ठेवली. मग ती दगडाच्या तोंडाशी वाकली, लेकरांच्या तोंडाशी वाकते तशीच.

"अर्जुना," ती म्हणाली, "दुखत हुतं का रं? खरं सांग. मी दुसरा लावत न्हाई."

ती बराच वेळ तशीच वाकून कान लावून बसली होती. बिरदेवने रस्त्यावरून दोनदा हाक मारली, पण तिने हातानेच त्याला गप्प राहायला सांगितलं.